सी-१०१ चा टीव्ही (सोसायटी ग्रुप, सदर बझार, सातारा)

मोहिते सर ए-३०४: नाव घेत नाही पण सगळ्यांना माहितीये कोणाबद्दल बोलतोय. काल रात्री पावणेबारापर्यंत टीव्ही फुल आवाजात. गणपतीच्या मीटिंगला काय ठरलं होतं? मुलीची बारावी आहे. आणि सकाळी सहाला बाल्कनीत फोनवर ओरडणं सुरू, ते वेगळंच.

घाडगे बी-२०२: वरची टाकी साफ करायचं दिवाळीआधी ठरलेलं. काय झालं त्याचं?

शुभांगी वहिनी सी-१०१: सर नाव घ्या की, आम्हीच आहोत. बाबांना ऐकू येत नाही हे तुम्हाला आज कळलं का? कानाचं मशीन आणलंय, ते काढून ड्रॉवरमध्ये ठेवतात. मी आवाज कमी करून येते, मी स्वयंपाकघरात पोचेपर्यंत परत वाढलेला असतो.

मोहिते सर ए-३०४: वहिनी राग नसावा. काकांबद्दल आदर आहे म्हणूनच एवढे दिवस गप्प होतो.

शुभांगी वहिनी सी-१०१: गप्प कुठे होता, लिफ्टमध्ये सगळ्यांना सांगून झालंय.

सेक्रेटरी पवार: कृपया पर्सनल होऊ नका. दोघंही आपलेच आहात.

निकम अण्णा: फॉरवर्डेड. सन १९७१ च्या युद्धात वीर अब्दुल हमीद यांनी एकट्याने आपल्या रणगाड्यातून पाकिस्तानचे पॅटन रणगाडे उडवले. खरा भारतीय असाल तर दहा जणांना पाठवा.

ओंकार बी-४०१: अण्णा ते १९६५ हो. आणि ते रणगाड्यात नव्हतेच, पायदळात होते, ४ ग्रेनेडियर्स. जीपवर बसवलेली रिकॉइललेस (मागं धक्का न देणारी) तोफ घेऊन पॅटनसमोर गेले, पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तरला. परमवीर चक्र मरणोत्तर.

निकम अण्णा: भावना महत्त्वाची.

ओंकार बी-४०१: तिथली खरी गंमत उसाची आहे, आपल्या भागातल्या माणसाला लगेच कळेल. आपल्या लोकांनी पाटाचं पाणी फोडून रानात सोडलं, चिखल केला, आणि आपले सेंच्युरियन रणगाडे उभ्या उसात लपवले, घोड्याच्या नालासारखे तीन बाजूंनी. पॅटन त्यांच्याकडचा भारीतला अमेरिकन माल, पण चिखलात बसले ते बसलेच. नव्वदच्या वर रणगाडे गेले त्यांचे.

कदम मामा डी-१०३: आडसाली उसात पाणी सोडल्यावर आमचा ट्रॅक्टर निघत नाही, ते तर चाळीस-पन्नास टनाचं धूड. शेतकऱ्याला विचारलं असतं तर आधीच सांगितलं असतं.

घाडगे बी-२०२: टाकी.

सेक्रेटरी पवार: आमच्या गावाकडं तर घरटी एक फौजी. अपशिंगे मिलिटरी, पहिल्या महायुद्धात एकट्या त्या गावचे ४६ जण गेले. सी-१०१ चे काकाही रणगाड्यावरचे फौजी, त्यामुळे त्यांच्याबद्दल जरा जपून लिहा एवढीच विनंती.

मोहिते सर ए-३०४: पवारसाहेब मी टीव्हीबद्दल लिहिलं, फौजेबद्दल नाही. प्रत्येक गोष्टीत देश मध्ये आणायचा म्हणजे आम्ही बोलायचंच नाही का? दहा वाजता आवाज कमी. बास.

निकम अण्णा: हेडफोन हा सोपा उपाय आहे. माझ्या मेव्हण्याचं दुकान आहे पोवई नाक्यावर, डिस्काउंट देईल.

कदम मामा डी-१०३: अण्णा आधी व्हिजिटर पार्किंगमधली तुमची स्कूटर काढा, पावसाळ्यापासून उभी आहे, तिच्यात मांजर व्याली.

रिसालदार काका सी-१०१: नमस्कार. नातवानं सगळं वाचून दाखवलं आता मी बोलतो आणि तो टाइप करतोय, चुकलं तर त्याचं. हेडफोन मी घालणार नाही. हेडसेट लय वर्षं घातला. सेंच्युरियनमध्ये आम्ही चौघं, कमांडर, गनर, लोडर, ड्रायव्हर. मी लोडर आणि वायरलेसपण माझ्याकडंच म्हणजे हात गोळ्याला आणि कान कमांडरला. एक गोळा वीसेक किलो. आत ढकलताना मूठ बंद ठेवायची, बोटं उघडी ठेवली तर ब्रीच, म्हणजे तोफेचं मागचं दार, बंद होताना बोटं जातात हे पहिल्या दिवशी शिकवतात. फायर झाला की रिकामी पितळी नळी मागं पडती, ती चुलीतनं काढल्यावानी गरम, बारुदाचा धूर आत, डोळ्यातनं पाणी, आणि तोवर कमांडर पुढचा गोळा मागतोय. लोक विचारतात लढाई कशी दिसली. लोडरला लढाई दिसत नाही, त्याला तोफेचं बूड दिसतं. १९७१ ला पाकिस्तानातल्या शकरगडला १५ डिसेंबरच्या रात्री बसंतर नदीपाशी सुरुंग पेरलेले, इंजिनिअरवाले वाट साफ करत होते आणि आम्ही पुढच्या गाडीच्या चाकोरीत चाक घालून मागं मागं. चाकोरी सोडायची नाही. १६ ला ढाक्यात पाकिस्तानच्या शरणागतीवर सही झाली असं तुम्ही पुस्तकात वाचता, आमच्याकडं त्याच दिवशी जास्तीत जास्त गोळे चालले, सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल त्याच दिवशी गेले, पुना हॉर्स या रणगाड्यांच्या रेजिमेंटचे, वय २१. आमच्या बाजूचं युद्ध १७ ला रात्री आठला थांबलं. थांबल्यावर मला वाटलं सगळे हळू बोलतायत, दुसऱ्या दिवशी कळलं मलाच ऐकू येईना. मोहिते सर, सकाळी सहाचा फोन आमच्या गनरचा असतो, हरियाणाचा आहे, त्यालाही ऐकू येत नाही. तो तिकडनं ओरडतो मी इकडनं ओरडतो, कोण काय बोललं दोघांनाही कळत नाही.

कदम मामा डी-१०३: काका गाडी ॲव्हरेज काय द्यायची?

रिसालदार काका: किलोमीटरला पाच लिटर. पेट्रोल.

कदम मामा डी-१०३: आई गं. अण्णांची स्कूटर परवडली.

शुभांगी वहिनी सी-१०१: बाबांनी हे आम्हाला कधी सांगितलं नाही. सतरा वेळा विचारलं तर म्हणायचे, थंडी होती आणि इंजिनच्या पत्र्यावर रोटी गरम करायचो.

रिसालदार काका: ते पण खरंच आहे. रात्री त्याच पत्र्यावर टेकायचं. गाडीखाली झोपायचं नाही, ओल्या जमिनीत गाडी खाली बसती.

ओंकार बी-४०१: काका, नगरला कॅव्हलरी टँक म्युझियम आहे, सेंच्युरियन आहे तिथे. सोसायटीची ट्रिप काढू, तुम्ही समजावून सांगा.

सेक्रेटरी पवार: उत्तम कल्पना. पण गणपतीपुळ्याच्या ट्रिपचे चार फ्लॅटचे पैसे अजून यायचेत, नावं टाकू का इथं?

निकम अण्णा: फॉरवर्डेड. सन १९७१ च्या युद्धात वीर अब्दुल हमीद यांनी एकट्याने

ओंकार बी-४०१: अण्णा!!

मोहिते सर ए-३०४: काका, मला हे माहिती नव्हतं. फोन चालू द्या, सहाला मुलगी तशीही अभ्यासाला उठते. पण टीव्हीचं मी सोडणार नाही, फेब्रुवारीपर्यंत तरी दहा म्हणजे दहा.

रिसालदार काका: साडेदहा. बातम्या दहाला लागतात.

मोहिते सर ए-३०४: सव्वादहा.

रिसालदार काका: मंजूर.

शुभांगी वहिनी सी-१०१: आणि ड्रॉवरमधलं मशीन?

घाडगे बी-२०२: सगळ्या टँकवर बोलून झालं, गच्चीवरचा तेवढा राहिला. पाणी पिवळं येतंय.

सेक्रेटरी पवार: घाडगे रविवारी माणूस येतोय. शनिवारी रात्री सगळ्यांनी पाणी भरून ठेवा. ट्रिपचे पैसे जी-पेला टाका.