नेपल्सच्या धक्क्यावरून पाँपेई: क्रूझवरचा एक दिवस (अनुभव धागा)

सांजवारा: कपाट आवरताना पाँपेईचं, म्हणजे ज्वालामुखीत गाडल्या गेलेल्या त्या जुन्या रोमन शहराचं, तिकीट हाती लागलं, म्हणून हा धागा. बोट सकाळी नेपल्सला लागून संध्याकाळी सुटणार असेल आणि सोबत आजी-आजोबा, मुलं असतील तर फक्त पाँपेई करा. काप्री, सोरेंटो त्याच दिवशी नकोच. धक्क्याजवळ म्युनिचिपिओ मेट्रो, तिथून तिसरं स्टेशन गारिबाल्दी. पुढची लोकल, चिरकुमवेझुवियाना, गारिबाल्दीला येते तीच भरून. बसायला जागा हवी असेल तर दहा मिनिटं चालून पोर्ता नोलानाला जा, गाडी तिथूनच सुटते. सोरेंटोची गाडी पकडायची आणि 'पोंपेई स्काव्ही'ला उतरायचं, साधारण ४० मिनिटं. समोरच पोर्ता मरीना दरवाजा. पाकीट पुढच्या खिशात ठेवा!

रानजाई: पोज्जोमारिनोच्या गाडीत बसू नका हो. तीही पोंपेईला थांबते, पण गावातल्या देवळाच्या बाजूला. तिथून अँफिथिएटरचा दरवाजा जवळ, पोर्ता मरीना लांब.

कोकणकडा: नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला २० हजारच माणसं आत सोडतात आणि तिकिटावर नाव असतं. पासपोर्टवर आहे तसंच नाव भरा. १८ खालच्यांना फुकट, पण वयाचा पुरावा लागतो. पिशवी ३० × ३० × १५ सेंमीपेक्षा मोठी असेल तर दारात जमा करावी लागते. महिन्याचा पहिला रविवार फुकट असतो, त्या दिवशी शक्यतो टाळा.

चिऊची_आई: बाबागाडी न्यावी का? धाकटी दोन वर्षांची आहे.

सांजवारा: नको गं. रस्ते लाव्हाच्या मोठ्या ओबडधोबड दगडांचे, त्यात गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या. शिवाय रस्ता ओलांडायला मध्ये उंच दगड रोवलेत, त्यावर चाकं अडकतात. पाठीवरची झोळी घे. आजींना चालवत नसेल तर अँफिथिएटरच्या दाराने आत जा, तिथून चढउतार कमी असलेला वेगळा मार्ग आखलाय.

रानजाई: पाणी विकत घेऊ नका. जुन्या दगडी हौदांना आता नळ बसवलेत, पाणी पिण्याजोगं आहे. रिकामी बाटली न्या. सावली जवळजवळ नाहीच, टोपी हवीच. आणि मोदेस्तुसची भट्टी मुलांना नक्की दाखवा, इसवी सन ७९ च्या उद्रेकात तिथे ८१ पाव कोळसा होऊन राहिले होते.

शाकाहारी_पोटोबा: खाण्याचं कुणीच बोललं नाही 😀 पिझ्झा मारिनारावर चीज नसतं, लसूण मात्र असतो, जैनांनी सांगून काढायला लावावा. म्हशीच्या दुधाच्या मोत्झारेल्लात वासराच्या पोटातलं रेनेट (दूध गोठवणारा पदार्थ) असतं. आणि ती कुरकुरीत पापुद्र्यांची स्फोल्यातेल्ला! पारंपरिक कृतीत पापुद्र्यांना डुकराची चरबी लावतात. विचारूनच घ्या.

चिऊची_आई: अरे देवा, सासूबाईंना आधी सांगायला हवं. बरं झालं!

कोकणकडा: परत निघताना नेपल्सच्या वेळेऐवजी बोटीवर सांगितलेली वेळ पाळा, बोटीचं घड्याळ कधीकधी वेगळं असतं. बोटीच्या सहलीची बस उशिरा आली तर बोट थांबते, स्वतः गेलेल्यांसाठी नाही. लोकलचा संप होतो, गाड्याही रद्द होतात, म्हणून दीड तास राखूनच निघा. टॅक्सी घेतलीत तर बसण्याआधीच ठरलेला दर मागा.

रानजाई: व्हिसाचंही बघा. मध्ये तुर्कस्तान किंवा ट्युनिशियाचं बंदर असेल तर शेंगेन एकापेक्षा जास्त वेळा प्रवेशाचाच हवा.

शाकाहारी_पोटोबा: चिऊची आई, सासूबाईंना लिंबाचं ग्रानिता द्या. बर्फ, लिंबू, साखर, बाकी काही नाही.