रावळगाव बंद पडलेलं नाही

गोळ्यांच्या 'रावळगाव' कंपनीबद्दलच्या चर्चेत दोघांनी लिहिलंय की रावळगाव 'कायमचं बंद झालं'. तसं नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये पान पसंद, मँगो मूड, कॉफी ब्रेक वगैरे नावं रिलायन्सच्या कंपनीने 27 कोटींना घेतली, पाककृतींसकट. जमीन आणि यंत्रं मात्र मूळ कंपनीकडेच राहिली. इतक्या वर्षांच्या नावाला 27 कोटी म्हणजे मला तरी स्वस्तच वाटतं! मुळात रावळगाव हा साखर कारखाना. उद्योगपती वालचंद हिराचंदांनी 1933 साली मालेगावजवळ काढलेला. गोळ्या 1942 पासून. साखर दारातच तयार होत असल्यावर गोळ्या सुचणारच.

पावसाळ्यात गोळीला कागद चिकटायचा त्याला कुणीतरी 'हलका माल' म्हटलंय, ते मात्र पटलं नाही. कडक गोळीचा पाक दीडशे अंशांच्या आसपास शिजवतात, पाणी जवळजवळ सगळं उडून जातं, आणि मग ती हवेतला ओलावा शोषत बसते. आमच्या चिपळूणला जुलै-ऑगस्टात कुठलीही गोळी घ्या, कागदासकटच तोंडात जायची. दुकानदार काका बरणीचं झाकण फिरवून वर फडकं बांधायचे, तरी लिमलेटच्या गोळ्यांचा एकच गठ्ठा व्हायचा. मग ते सुरीच्या मुठीने ठोकून तुकडे काढायचे. चुरा आम्हाला फुकट. श्रीखंडाच्या गोळ्यांचं काय व्हायचं ते विचारू नका, त्या इतक्या दिवस उरायच्याच नाहीत.