ताठा कुठे मोडला? ख्रिस्ती मंडळींचे अनुभव

नमस्कार मंडळी,

ईस्टरआधीचा उपवासकाळ आला की घरोघरी एकच प्रश्न असतो, यंदा काय सोडायचं? कुणी मटण सोडतं, कुणी चहा, कुणी रात्रीच्या मालिका. त्याच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, 'तू माती आहेस' हे ऐकून आपण कपाळावर राख घेऊन बाहेर पडतो आणि रिक्षाच्या रांगेत कुणी पुढे घुसलं की लगेच आवाज चढतो. मटण सुटतं, मीपणा सुटत नाही. सहाव्या शतकात पोप ग्रेगरींनी गर्वाला सगळ्या पापांचं मूळ म्हटलं होतं. मला ते पटतं, कारण दारू किंवा राग चारचौघांना दिसतो, गर्व मात्र चांगल्या कामाच्या आड बसतो, अगदी चर्चच्या कामाच्याही.

तुम्हाला तो स्वतःत कधी दिसला? विश्वासाने काय बदललं? उपदेश नको, घडलं ते सांगा. कॅथलिक, मेथडिस्ट, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मराठी मिशन, सगळ्या पंथांच्या मंडळींनी लिहा.

सेक्रेटरीकाका, वांद्रे

मी आमच्या सोसायटीचा जुना सेक्रेटरी. चर्चमध्येही पुढच्या बाकावरचा. सणाच्या मिरवणुकीत कोण कुठे उभं राहणार हे मी ठरवायचो. येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात. एका वर्षी त्या बारांत फादरांनी माझं नाव घातलं. मला नवल वाटलं नाही, माझं नाव असणारच असं मी धरूनच चाललो होतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये नियम बदलल्यापासून आमच्याकडे त्या बारांत बायकाही असतात. शेजारच्या खुर्चीवर येऊन बसल्या त्या आमच्याच बिल्डिंगचा कचरा नेणाऱ्या मावशी. त्या आमच्याच चर्चच्या, हे मला ठाऊकही नव्हतं. त्या पहाटेच्या मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) येत, मी नऊच्या.

बूट काढला, मोजा खिशात कोंबला. मावशींच्या टाचांना भेगा पडलेल्या, भेगांत काळं रुतलेलं. फादर वयस्कर आहेत, गुडघ्यांनी बेजार. एका हाताने खुर्चीचा पाय धरून ते खाली टेकत, तांब्याने पाणी घालत, टॉवेलने पाय टिपत आणि वाकून पायाचं चुंबन घेत. मावशींपुढे जितके वाकले तितकेच माझ्यापुढे वाकले. तेव्हा मला आमच्या लिफ्टशेजारची पाटी आठवली, 'कामगारांनी ही लिफ्ट वापरू नये.' ती मीच लावून घेतली होती. मावशी सात मजल्यांचे कचऱ्याचे डबे जिन्याने उतरवत होत्या.

बायबलमध्ये शिष्य पेत्र आधी येशूला आपले पाय धुवू देत नाही. ती त्याची नम्रता असं मी समजायचो. त्या संध्याकाळी मला कळलं, गुरूच जमिनीवर बसला तर शिष्याने कुठे बसायचं, याची त्याला धास्ती असावी. मला तरी तीच होती.

ईस्टरनंतरच्या कमिटीत पाटी काढायचा ठराव मांडला. दोघांनी कडाडून विरोध केला, तोही माझ्याच जुन्या शब्दांत. ठराव झाला. मग मावशींची माफी मागायला गेलो. त्या म्हणाल्या, "साहेब, पाटी मला वाचता येत नाही. वॉचमन अडवायचा."

गिरगावकरीण

आमचं घर पाचव्या पिढीचं ख्रिस्ती. पणजोबांच्या बाप्तिस्म्याची गोष्ट, मिशनरींची पत्रं, कपाटातलं जुनं बायबल हे सगळं पाहुण्यांना कौतुकाने दाखवायचं. आणि त्याच दमात आम्ही मूळचे कोणत्या जातीचे हेही हळूच सांगायचं. यात कुणाला काही खटकत नसे. मलाही नाही.

मुलाने आमच्याच चर्चमधली मुलगी पसंत केली. तिचे आजोबा मराठवाड्यातल्या गावकुसाबाहेरचे. मुलगा म्हणाला, "आई, मुलगी विश्वासात आहे, शिकलेली आहे. मग अडतंय कुठे?" मी म्हटलं, राहणीमानात. ते खोटं होतं आणि ते त्यालाही कळलं.

त्याच सुमारास महिला मंडळात लक्ष्मीबाई टिळकांवर बोलायची पाळी माझी होती. त्यांचे यजमान, कवी ना. वा. टिळक यांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, पण लक्ष्मीबाईंनी आपलं सोवळं-ओवळं पुढेही सांभाळलं. मग जात देवाने केलेली नाही, माणसांनी केलेली आहे, हे त्यांना आतून पटलं. त्यांनी ते सगळं टाकलं आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. टिपणं काढता काढता माझा हात थांबला. या बाईने बाप्तिस्म्याआधी जे टाकलं, ते आम्ही बाप्तिस्मा घेऊन पाच पिढ्या जपलं होतं. त्या रात्री मी गुडघे टेकले, पण तोंडातून शब्द फुटेना. इतकी वर्षं मी कोणत्या तोंडाने 'आमच्या बापा' म्हणत आले होते? 'आमच्या'मध्ये ती माणसं मी धरलीच नव्हती.

आम्ही मुलीच्या घरी गेलो, घाटकोपरला चाळीत. तिच्या आईने स्टीलच्या पेल्यातून पाणी दिलं आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. ती कशासाठी थांबली आहे हे मला समजलं. मी पाणी प्यायले आणि आणखी मागितलं. मग मुलाच्या देखत त्यांना माझ्या मनात काय होतं ते सांगून क्षमा मागितली. तिच्या वडिलांनीच मग प्रार्थना केली.

सगळं संपलं असं मी म्हणणार नाही. नातेवाइकांत कुणी सुनेचं माहेर विचारलं की जीभ अजून अडखळते. अशा वेळी मी मुद्दाम गावासकट सांगते.

तुर्भेकर

थोडक्यात लिहितो. प्रार्थना सभेत मी माझ्या व्यसनमुक्तीची साक्ष द्यायचो, म्हणजे प्रभूने मला कसं सोडवलं ते सगळ्यांपुढे सांगायचो. लोक रडायचे. हळूहळू मी लोक कुठे रडतात तिथे जास्त थांबायला लागलो. बायकोने एकदा विचारलं, "साक्ष प्रभूची देता की तुमची?" लूकच्या शुभवर्तमानातल्या १८व्या अध्यायातला परुशीही (धर्माचे नियम काटेकोर पाळणारा) आठवड्यातून दोनदा उपास करत होता आणि देवाला ते सांगत होता. पाळकसाहेबांशी बोलून मी वर्षभर साक्ष थांबवली आणि सभेनंतर सतरंज्या उचलायचं काम घेतलं.

कुर्ल्याचा भाऊ

आमच्या पॅरिशमध्ये (चर्चच्या विभागात) सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी आहे. १८३३ मध्ये पॅरिसला फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या विद्यार्थी मित्रांनी ती सुरू केली. गरजूंच्या घरी स्वतः जाऊन भेटायचं, ही तिची मूळ रीत. मी त्यात होतो. कुणाच्या घरी गेलो की उंबऱ्यातूनच माझी नजर मांडणीवरच्या डब्यांवर फिरायची. खरंच गरज आहे की नाही?

२०२०च्या लॉकडाउनमध्ये माझी ट्रॅव्हल कंपनीतली नोकरी गेली. एक दिवस या व्हिन्सेंट सोसायटीचेच दोघे तांदूळ, डाळ, तेल घेऊन दारात उभे. मी दार अर्धंच उघडलं. म्हटलं, "आमचं चाललंय, दुसऱ्यांना द्या." दार अर्धं का, तर त्यांना डबे दिसू नयेत म्हणून.

बायको काही बोलली नाही. संध्याकाळी तिने बायबलमधली नामानाची गोष्ट काढली. अरामाचा सेनापती कुष्ठ घेऊन अलीशा संदेष्ट्याच्या दारात येतो आणि यार्देन नदीत सात वेळा बुडी मार म्हटल्यावर रागावून परत फिरतो. त्याचे नोकर त्याची समजूत घालतात, तेव्हा कुठे तो पाण्यात उतरतो. गोष्ट संपवून तिने फोन माझ्या हातात दिला. मीच फोन केला. ते परत आले, आत बसले.

आता मी कुणाकडे गेलो की आधी बसतो, पाणी मागतो. मांडणीकडे पाठ करून बसतो.

परळची सिस्टर (नर्स, नन नव्हे)

वाचून डोळे भरले. पण एक बाजू राहते आहे आणि ती कळकळीने मांडते. लग्नानंतर नवरा हात उचलायचा आणि मी गप्प राहायचे. सहन करणं म्हणजेच लीनता असं मला शिकवलं गेलं होतं. एका ननने मला योहानाच्या शुभवर्तमानाचा १३वा अध्याय नीट वाचायला लावला. पित्याने सर्व काही आपल्या हाती दिलं आहे हे जाणून येशू पाय धुवायला उठतो. आपण कोण आहोत हे ठाऊक असलेला माणूस तिथे वाकतो आहे. आणि अठराव्या अध्यायात शिपाई चपराक मारतो तेव्हा तोच येशू विचारतो, मी योग्य बोललो असेन तर मला का मारतोस?

मी घर सोडलं, तक्रारही केली. माझा गर्व होता तो वेगळ्याच ठिकाणी. 'आदर्श ख्रिस्ती जोडपं' हे चर्चमधलं आमचं चित्र मोडू नये म्हणून मी वर्षानुवर्षं कुणाकडे मदत मागितली नाही. सख्ख्या बहिणीकडेही नाही. कुणी अशी गप्प बसलेली असेल तर तिला 'नम्र राहा' म्हणू नका, तिच्याजवळ बसा.

नवीन_सभासद

सगळ्यांना एक विचारतो. रोजच्या रोज आपला गर्व ओळखायचा कसा?

सेक्रेटरीकाका, वांद्रे

येशूसंघाचे (जेझुइटांचे) संस्थापक संत इग्नेशियस यांनी सांगितलेली दिवसअखेरची तपासणी करून पाहा. आधी आभार, मग देवाकडे प्रकाश मागायचा, दिवस नजरेखालून घालायचा, क्षमा मागायची, उद्याचं ठरवायचं. मी ती चर्चगेटहून परतताना गाडीतच करतो. दिवस चाळताना मी एक प्रश्न धरून असतो, आज कुणाचं बोलणं मी मध्येच तोडलं? नाव आठवलं की वांद्रे येण्याआधी त्याला फोन लावतो.