मदत हवी आहे: सीडीपी (सिस्कोचा) आणि एलएलडीपी (सगळ्या कंपन्यांसाठीचा) हे जोडलेली उपकरणं ओळखायचे प्रोटोकॉल वेगवेगळे शेजारी दाखवतात, नेटवर्कचा नकाशा कशावरून काढू?

मुख्य स्विच सिस्को कॅटॅलिस्ट, आयओएसवर (सिस्कोची स्विचप्रणाली). पोर्ट १० ला दुसऱ्या कंपनीचा मॅनेज्ड (सेटिंग करता येणारा) स्विच, १४ ला इंटेल एक्स७१० कार्डाचा लिनक्स सर्व्हर (एलएलडीपी चालवणारा एलएलडीपीडी प्रोग्राम चालू), २१ ला पाच पोर्टांचा साधा (अनमॅनेज्ड) स्विच आणि त्यामागे दोन वायफाय ॲक्सेस पॉइंट.

१) 'शो सीडीपी नेबर्स' पोर्ट १० वर असा सिस्को स्विच दाखवतो, जो इथे थेट जोडलेलाच नाही.
२) 'एलएलडीपी रन' देऊन ते चालू केल्यावर पोर्ट २१ वर एकाच वेळी दोन शेजारी.
३) पोर्ट १४ वर सर्व्हरचं नाव नाही, नुसता मॅक पत्ता (कार्डाचा हार्डवेअर पत्ता) दिसतो. सर्व्हरवर 'एलएलडीपीसीएलआय शो नेबर्स' तर रिकामंच.

केबल बदलून पाहिल्या. फरक नाही.

प्रतिसाद १

केबलचा काही संबंध नाही.

सीडीपीची फ्रेम (संदेशाचं पाकीट) ०१-००-०सी-सीसी-सीसी-सीसी या मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांसाठीच्या) पत्त्यावर जाते. सिस्कोचा स्विच ती स्वतःकडे ठेवून घेतो. सीडीपी न कळणाऱ्या स्विचला मात्र ती साधी मल्टिकास्ट वाटते आणि तो ती सगळ्या पोर्टांवर सोडून देतो. म्हणून मधला स्विच अदृश्य होतो आणि पलीकडचा सिस्को शेजारी म्हणून नोंदला जातो. वेगवेगळ्या कंपन्यांचे स्विच असतील तर सीडीपीवरून नकाशा काढूच नका.

एलएलडीपी (आयईईई ८०२.१एबी) ०१-८०-सी२-००-००-०ई वापरतं. हा पत्ता राखीव गटातला, नियमाप्रमाणे स्विचने तो पुढे पाठवायचाच नाही. तरीही बरेच स्वस्त अनमॅनेज्ड स्विच पाठवतात. तुमच्या पोर्ट २१ वर तेच झालंय. एका पोर्टवर दोन वेगळे चॅसिस आयडी (उपकरणाची ओळख) दिसले की मध्ये काहीतरी मुकं बसलंय असं धरा आणि नकाशात तिथे एक निनावी स्विच काढा.

पोर्ट १० च्या स्विचवर एलएलडीपी चालू आहे ना, ते बघा. आयओएसवर सहसा सीडीपी आधीपासून चालू असतं, एलएलडीपी बंद.

प्रतिसाद २

सर्व्हरचं सांगतो. एलएलडीपी एकतर्फी आहे: विचारणा नाही, पोचपावती नाही. प्रत्येक जण साधारण दर ३० सेकंदांनी आपली माहिती ओरडून सांगतो, ऐकणारा ती १२० सेकंद जपतो. त्यामुळे अ ला ब दिसणं आणि ब ला अ न दिसणं, दोन्ही एकाच वेळी शक्य आहे.

एक्स७१० च्या फर्मवेअरमध्येच (कार्डातल्या सॉफ्टवेअरमध्ये) एलएलडीपी एजंट असतो. स्विचकडून आलेली फ्रेम तो मधल्यामधे गिळतो, लिनक्सपर्यंत पोचूच देत नाही. टीसीपीडंपवर (फ्रेम दाखवणारं साधन) ईथरटाइप ०x८८सीसी (एलएलडीपीची खूण) लावून पाहा: बाहेर जाणाऱ्या फ्रेम दिसतील, आत येणारी एकही नाही. नुसत्या मॅकवाली नोंदही बहुधा त्या एजंटचीच.

उपाय: एथटूल या कार्डाची सेटिंग बदलणाऱ्या साधनाच्या '--सेट-प्रिव्ह-फ्लॅग्स' मध्ये त्या इंटरफेससाठी 'डिसेबल-एफडब्ल्यू-एलएलडीपी ऑन'. ड्रायव्हर जुना असेल तर हा फ्लॅगच सापडणार नाही, आधी ड्रायव्हर वाढवा. रीबूटनंतर फ्लॅग टिकला का तेही पाहा. स्टोरेजसाठी डीसीबी (डेटा सेंटर ब्रिजिंग) वापरत असाल तर मात्र थांबा, कारण त्याची बोलणी हाच एजंट करतो.

धागाकर्ता

फ्लॅग लावला, दोन्हीकडे दिसू लागलं. जुनी मॅकवाली नोंदही दोन मिनिटांत गेली. आता हेच एसएनएमपीने (उपकरणांची माहिती वाचायचा प्रोटोकॉल) गोळा करतोय, तर पोर्ट क्रमांक जुळत नाहीत.

प्रतिसाद १

एलएलडीपी-रेम-लोकल-पोर्ट-नम (शेजारी आपल्या कुठल्या पोर्टवर आहे तो क्रमांक) म्हणजे इफ-इंडेक्स (एसएनएमपीतला इंटरफेसचा क्रमांक) नव्हे. काही स्विचवर दोन्ही सारखे निघतात, म्हणून स्क्रिप्ट एका ठिकाणी चालते आणि दुसरीकडे गंडते. तो क्रमांक आधी एलएलडीपी-लॉक-पोर्ट-टेबलमध्ये शोधा, तिथून पोर्टचं नाव घ्या आणि मग इफ-नेमशी जुळवा.

पलीकडच्या पोर्ट आयडीचा सबटाइपही वाचा: ३ असेल तर मॅक, ५ असेल तर इंटरफेसचं नाव, ७ म्हणजे त्या कंपनीच्या मनाला येईल ते. सबटाइप न पाहता सगळं मजकूर म्हणून छापलंत तर मॅकच्या जागी कचरा दिसेल.

प्रतिसाद २

आणि त्या सर्व्हरवर लिनक्स ब्रिजमागे (सॉफ्टवेअरमधला स्विच) व्हर्च्युअल मशीन असतील, तर त्यांचं एलएलडीपी ब्रिजच अडवतो. ते बाहेर हवंच असेल तर ग्रुप-फॉरवर्ड-मास्क (ब्रिजने कुठल्या राखीव फ्रेम पुढे सोडायच्या ती सेटिंग) १६३८४ करावा लागतो. पण मग पोर्ट १४ वरही शेजाऱ्यांची गर्दी होईल. माझं मत: नका करू.