हाताने ठोकलेल्या हायहॅटचा आवाज मांडवात का हरवतो?

प्रश्न (भुसावळ)
नमस्कार. गेली नऊ वर्षे मी लग्नसराईत ऑर्केस्ट्राबरोबर ड्रम वाजवतो. मागच्या महिन्यात तुर्कस्तानात हाताने ठोकून घडवलेली १४ इंची हायहॅटची (ड्रमसेटमधल्या, पायाने मिटणाऱ्या झांजांची) जोडी जुन्यात घेतली. घरी ती फार गोड वाजते. पण यावलकडच्या एका उघड्या मांडवात कीबोर्ड आणि ढोलकी सुरू झाल्यावर ती मला स्वतःलाही ऐकू येईना. शिवाय पायाने मिटली की कधी कधी ‘चिक’ न होता नुसते ‘फुस्स’ होते. दोष जोडीत आहे की माझ्यात?

उत्तर (जळगाव)
भाऊ, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अशा झांजा बहुतेक ८० टक्के तांबे आणि २० टक्के कथील यांच्या काशाच्या असतात. हे कासे सावकाश थंड झाले तर ठिसूळ राहते, म्हणून तापवून एकदम पाण्यात बुडवतात आणि मगच ते हातोडीखाली येते. प्रत्येक घावाखाली धातू दबतो आणि तेवढ्या जागी कठीण होतो. यंत्राचे घाव एका मापाचे पडतात, कारागिराचे तसे पडत नाहीत. त्यामुळे एकच स्वर ठळकपणे पुढे न येता अनेक उपस्वर एकमेकांत मिसळतात, आणि ड्रमवाले ‘डार्क’ म्हणतात तो आवाज मिळतो. काडी टेकवली की धातू किंचित दबल्यासारखा वाटतो, हलका हातसुद्धा स्पष्ट उमटतो. मात्र उघड्यावर लांब जाणारी तीक्ष्ण धार या आवाजाला नसते, आणि मांडवात हायहॅटला वेगळा माइक क्वचितच मिळतो. त्यामुळे हा दोष मानू नये; ही जोडी बंद सभागृहातली आहे.

दोन्ही झांजा किराणा दुकानाच्या काट्यावर तोलून पाहा. सहसा वरची हलकी आणि खालची जड ठेवतात. मागच्या मालकाने त्या उलट लावल्या असतील, तर पायाचा ठोकाही बिघडतो.

उत्तर (अमळनेर)
‘फुस्स’ म्हणजे दोन्ही कडा एकदम टेकून आत हवा कोंडणे. खालच्या झांजेच्या बैठकीला एक स्क्रू असतो, तो फिरवून ती थोडी कलती करा. आमच्या दिंडीतले टाळकरी हे न शिकवताच करतात: टाळ समोरासमोर न आपटता कडेला कड लागेल असा धरतात. काही कंपन्या याचसाठी खालच्या झांजेला छिद्रे पाडतात, तर पाइस्ते कंपनीने तिची कडच लाटांसारखी केली.

एक विनंती: बँडवाल्यांप्रमाणे चिंच लावून ती घासू नका. चकाकी येईल, पण चरांत बसलेला जुना थर निघाला की आवाज थोडा उघडा होतो, आणि तुम्ही पैसे त्या मऊपणाचे दिले आहेत.

उत्तर (धुळे)
मी थोडा असहमत आहे. काडीच्या टोकाऐवजी तिच्या खांद्याने, म्हणजे टोकामागच्या निमुळत्या भागाने, कडेवर मारले, तर हीच जोडी मांडवातही पुष्कळ बोलते. मात्र रात्रभर असे मारले तर कडेला तडा जाण्याची भीती असते.

प्रश्नकर्ता (भुसावळ)
तोलून पाहिले: वरची ८८० ग्रॅम, खालची १,१२० ग्रॅम, म्हणजे लावणी बरोबरच होती. स्क्रू सुमारे अर्धा फेरा फिरवताच ‘फुस्स’ थांबले. धुळ्याच्या भाऊंची युक्तीही केली, पण एका गाण्यानंतर हात आखडला. मांडवासाठी जुनी, यंत्राने घडवलेली जोडी पेटीत परत ठेवली आहे.