"लपवायचं नसेल तर पाटी लावायला काय हरकत?" : हंगेरीवरच्या त्या पोस्टला उत्तर

डॅन्यूबकाठची
काल इथे एकांनी लिहिलं, "परदेशी पैसा घेणाऱ्या संस्थांना हंगेरीने फक्त पाटी लावायला सांगितली. लपवायचं नसेल तर हरकत काय?" खाली सहमतीची रांग. मी नऊ वर्षं बुडापेस्टमध्ये राहते, म्हणून गप्प बसवलं नाही.

ती पाटी २०१७ची. वर्षाला ७२ लाख फोरिंट (हंगेरीचं चलन) परदेशातून आले की सरकारदरबारी नोंद करायची आणि वेबसाइटवर, पत्रकांवर तसं छापायचं. युरोपीय संघाच्या न्यायालयाने १८ जून २०२० रोजी हा कायदा बेकायदा ठरवला, पुढच्या वर्षी तो रद्द झाला. गोष्ट तिथे संपली नाही. २०२३च्या डिसेंबरात 'सार्वभौमत्व रक्षणा'चा कायदा आला, त्यासाठी वेगळं कार्यालय उघडलं. २०२४मध्ये त्याने चौकशी लावली ती ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनलच्या हंगेरी शाखेवर आणि आत्लात्सो या शोधपत्रकारांच्या पोर्टलवर. दोघंही सरकारी पैशातला भ्रष्टाचार उकरणारे! मे २०२५च्या विधेयकात तर सरकारच्या यादीत संस्थेचं नाव आलं की परदेशी देणगी अडवायची, मोडलं तर रकमेच्या २५ पट दंड, आणि इथले लोक आपल्या प्राप्तिकरातला १ टक्का संस्थांना देतात तोसुद्धा बंद. तो तर हंगेरियन माणसाचा स्वतःचा पैसा. विरोध वाढला तेव्हा विधेयक पुढे ढकललं.

माझ्या मजल्यावरच्या सत्तरीच्या आजी दरवर्षी तो टक्का एका कायदा-मदत संस्थेला द्यायच्या. त्या वर्षी मला विचारलं, "माझं नाव कुठे जाईल का गं?" विधेयक मंजूरही झालेलं नव्हतं.

रोखठोक_सदाशिव
काल ते लिहिणारा मीच. आजींबद्दल वाईट वाटतं, पण आजी म्हणजे पुरावा नव्हे. डिसेंबर २०२२मध्ये ब्रसेल्सला काय सापडलं? बॅगा भरून रोकड. युरोपीय संसदेचे माजी खासदार पंझेरी यांची मानवी हक्कांची संस्था, नाव 'फाइट इम्प्युनिटी', आणि आड कतारचा पैसा. पंझेरींनी पुढे गुन्हा कबूल करून तपासाला मदत केली. संस्था म्हटलं की संत, हे मला पटत नाही. अमेरिकेत परदेशी एजंटांचा कायदा १९३८पासून आहे. आपल्याकडेही परदेशी देणग्यांवरचा कायदा, एफसीआरए, आहेच. मग एकट्या हंगेरीलाच का झोडपता?

फ्रँकफुर्टचा_आप्पा
एकट्या हंगेरीला झोडपू नका हे खरं. जर्मनीकडेही बघा. २०१९मध्ये इथल्या सर्वोच्च करन्यायालयाने अटॅक या जागतिकीकरणावर टीका करणाऱ्या संघटनेविरुद्ध निकाल दिला. म्हणे, राजकीय मोहिमा हे लोकोपयोगी काम नव्हे. संपली करसवलत. जानेवारी २०२४मध्ये अतिउजव्यांच्या विरोधात गावोगाव मोर्चे निघाले. आमच्या इथल्या मराठी मंडळानेही फलक रंगवला होता. करसल्लागार म्हणाला, "सवलत जाईल." आमचा जमाखर्च गणपतीच्या वर्गणीवर चालतो. फलक तळघरात राहिला. मी एकटा गेलो, मंडळाचं नाव न घेता. अजून मनाला लागून आहे.

कोथरूडची_वसुधा
मंडळाने मोर्चात जायचंच कशाला? गणपतीत राजकारण नको, एवढं तरी पाळा.

फ्रँकफुर्टचा_आप्पा
वसुधाताई, लोकमान्यांनी १८९३मध्ये गणपती चौकात आणला तो कशासाठी?

पेठकर
१८९२. आणला तो भाऊसाहेब रंगारींनी. दर वेळी सांगावं लागतं.

फ्रँकफुर्टचा_आप्पा
वर्ष तुमचं घ्या, मुद्दा माझा राहू द्या! पुण्याची सार्वजनिक सभा ही संस्था तरी आठवा. दुष्काळात शेतकऱ्यांना हक्क सांगितले म्हणून १८९७मध्ये मुंबई सरकारने तिला कळवलं की धोरणावर बोलायचा तुम्हाला अधिकार नाही. बंदी घातली नाही, फक्त मान्यता काढली. हंगेरीत हे कायदे आणणाऱ्या ऑर्बानने नवं काही शोधलेलं नाही.

कोथरूडची_वसुधा
इंग्रज परके होते. हंगेरीचं सरकार लोकांनी निवडून दिलेलं आहे. ही तुलना मला अपमानकारक वाटते.

पेठकर
रंगारींवर कोणी बोलणार आहे का?

म्युनिकची_अदिती
आप्पाकाका, तुमचा सल्लागार चुकला. जर्मन अर्थखात्याच्या सूचनांमध्ये २०२२पासून स्पष्ट लिहिलंय की संस्थेने आपल्या उद्देशाबाहेर एखाद्या वेळी चालू विषयावर भूमिका घेतली तर चालते. क्रीडा मंडळाने वंशवादाविरुद्ध आवाहन करणं, हे उदाहरणच दिलंय. तुम्ही जाऊ शकला असता.

फ्रँकफुर्टचा_आप्पा
हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर! "एखाद्या वेळी" म्हणजे किती वेळा, हे तरी कोण सांगणार? सात माणसांवर नोंदलेलं आमचं मंडळ. वकील लावायला पैसे कुठून आणू?

रोखठोक_सदाशिव
बघा, भीती तुमच्या डोक्यात होती, कायद्यात नव्हती.

डॅन्यूबकाठची
सदाशिवराव, हे वाक्य माझ्या शेजारच्या आजींना ऐकवायची हिंमत आहे? भीती डोक्यातच बसते, आणि तिथे बसवायलाच असे कायदे करतात. २८ जून २०२५ला इथल्या प्राइड मोर्चावर, म्हणजे समलिंगी आणि ट्रान्स लोकांच्या हक्कांच्या मोर्चावर, बंदी होती. चेहरे कॅमेऱ्याने ओळखून २ लाख फोरिंटपर्यंत दंड करू, अशी धमकी होती. तरी मी गेले. आयोजकांच्या म्हणण्याप्रमाणे लाखावर लोक होते. मी टोपी आणि गॉगल घालून चालत होते आणि मला स्वतःचाच राग येत होता.

कतारचं उत्तरही देते. पंझेरींना बेल्जियमच्या पोलिसांनी पकडलं ते लाचलुचपतीच्या साध्या कायद्याखाली. त्यासाठी कोणाच्या कपाळावर शिक्का मारावा लागला नाही. १९३८चा अमेरिकन कायदा परक्याच्या सांगण्यावरून काम करणाऱ्यांसाठी आहे. नुसती देणगी घेतली म्हणून कोणी एजंट होत नाही.

रोखठोक_सदाशिव
ठीक आहे. १ टक्क्याचं मला ठाऊक नव्हतं. देशातला पैसा अडवणं चूक, तेवढं मागे घेतो. बाकी नाही. पंझेरींच्या संस्थेने युरोपीय संघाच्या पारदर्शकता नोंदवहीत नावच घातलं नव्हतं, म्हणून तर ती इतके दिवस खपून गेली. म्हणजे नोंद हवीच.

डॅन्यूबकाठची
खासदारांना भेटून धोरण वळवू पाहणाऱ्या प्रत्येकाची नोंद करा, मी आज सही करते. पण त्यात तंबाखू आणि मोटारींच्या कंपन्याही हव्यात, आणि सरकारच्या बाजूने बोलणाऱ्या संस्थाही.

रोखठोक_सदाशिव
कंपन्यांचीही? त्यावर वेगळा धागा काढा. येतो मी.

पेठकर
१८९२.