मेडिक्लेमचा हप्ता ४७ हजारांवर गेला. पॉलिसी चालू ठेवावी की बंद करावी?

सांगलीकर

वय ५३, बायको ४९. दोघांची मिळून ५ लाखांची फ्लोटर पॉलिसी २०१४ पासून एकदाही खंड न पडता चालू आहे. पहिला हप्ता ११,२०० होता. यंदाची नोटीस ४७,३०० ची आली. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, तरीही हा आकडा आहे.

एवढ्या वर्षांत क्लेम एकच. गेल्या वर्षी बायकोच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, बिल १,४६,०००. कंपनीने दिले १,०२,०००. माझ्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे रोज ५,०००. आम्हाला मिळाली ती खोली ७,५०० ची. मला वाटलं, भाड्यातला फरक तेवढा भरावा लागेल. पण त्याच प्रमाणात सर्जनची फी, भूल, ऑपरेशन थिएटर सगळ्यालाच कात्री लागली. ८४ हजारांचे ५६ हजार झाले. औषधं आणि तपासण्या तेवढ्या पूर्ण मिळाल्या. हातमोजे वगैरेंचे साडेआठ हजार नामंजूर. डिस्चार्जच्या दिवशी मेहुण्याकडून ४४ हजार उसने घेतले. अकरा वर्षं हप्ते भरलेल्या माणसाला ते फार लागलं.

माझं मत असं: पॉलिसी बंद करावी, हप्त्याइतकी रक्कम दरवर्षी वेगळ्या एफडीत टाकावी. जुनी ३ लाखांची एफडी आहेच. शिवाय जुलै २०२४ पासून राज्य सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत पांढऱ्या रेशनकार्डालाही वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांचं संरक्षण आहे. कुठे चुकतंय ते सांगा.

हिशेबी_कोथरूड

दादा, चुकतंय ते एफडीत. तीन लाखांवर दरवर्षी ४७ हजार टाकलेत तरी ५ लाख व्हायला तीन-चार वर्षं लागतील, आणि एका आजारपणात ते संपले की पुन्हा शून्यापासून सुरुवात. माझ्या मोठ्या भावाला ४९ व्या वर्षी बायपास लागली. सगळं धरून ६ लाख ८० हजार. तोवर त्याला साधी गोळी चालू नव्हती. विम्याची रक्कम पहिल्या दिवसापासून पूर्ण असते, हप्ता त्यासाठी भरायचा.

दुसरं, अकरा वर्षांत तुम्ही जे कमावलंय त्याचा विचार करा. सलग ६० महिने झाले की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय कंपनीला जुन्या आजाराची माहिती लपवली म्हणून क्लेम नाकारता येत नाही. तुम्ही ती रेषा कधीच ओलांडलीत. आज पॉलिसी सोडली आणि ५६ व्या वर्षी साखर निघाली, तर नवी पॉलिसी मिळाली तरी आधीच्या आजारांना ३६ महिन्यांपर्यंत थांबावं लागेल. बंद करू नका, पोर्ट करा, म्हणजे दुसऱ्या कंपनीकडे वळवा. खोलीभाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी बघा, वेटिंग पिरियड, म्हणजे थांबायची मुदत, जितका भोगलाय तितका धरला जातो.

परिचारिका_सोलापूर

मी सरकारी रुग्णालयात काम करते. योजनेतून झालेल्या अँजिओप्लास्टीनंतर खिशातून काही न देता घरी गेलेली माणसं मी रोज बघते, म्हणून योजनेला कमी लेखलेलं मला सहन होत नाही. पण सांगलीकरदादा, तिच्या भरवशावर पॉलिसी सोडणार असाल तर नीट समजून घ्या. उपचार ठरलेल्या यादीत बसला पाहिजे आणि रुग्णालय अंगीकृत, म्हणजे योजनेशी जोडलेलं, पाहिजे. घरापासून कुठलं रुग्णालय योजनेत आहे आणि कोणत्या विभागासाठी, हे आजच जाऊन आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, विचारून ठेवा. रात्री दोन वाजता रुग्णवाहिकेत बसून ते शोधता येत नाही.

मुद्दा माझा वेगळा आहे. मध्यमवर्गाने मेडिक्लेम काढला आणि सरकारी रुग्णालयाकडे पाठ फिरवली. आमच्याकडे एका पाळीत किती खाटांमागे किती नर्स आहेत, हे विचारायला आता कुणी येत नाही. ४७ हजार भरणाऱ्या माणसाने हा प्रश्न विचारला तर त्याचा आवाज पोचतो.

नाशिकचा_दुकानदार

ताई, पटतं. पण प्रश्न विचारून खाट मिळेपर्यंत माझ्या आईने कुठे जायचं? पांढरं कार्ड घेऊन आम्ही एका खासगी रुग्णालयात गेलो, तर ‘हा विभाग योजनेत नाही’ म्हणाले. शेवटी मेडिक्लेमनेच निभावलं. आई ७२ ची आहे, तिचं ७० वर्षांवरच्यांसाठीचं आयुष्मान कार्ड आता काढलंय. त्याला उत्पन्नाची अट नाही आणि खासगी पॉलिसी असली तरी चालतं. दोन्ही ठेवतोय.

जळगाव_खान्देश

मी पॉलिसीच्या विरोधात. सासऱ्यांचा क्लेम तिसऱ्या वर्षी नाकारला. फॉर्मवर मधुमेहासमोर ‘नाही’ अशी खूण होती. एजंटने भरलं, सासऱ्यांनी न वाचता सही केली. कंपनीकडे लेखी तक्रार केली, महिना थांबलो, मग विमा लोकपालाकडे गेलो. तिथे फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात. पण आमच्याच सहीचा कागद समोर आला, तिथे बोलणं खुंटलं. शेतकरी माणसाने इंग्रजीतले तीस-चाळीस पानी नियम वाचायचे कसे? जोवर पॉलिसी मराठीत हातात पडत नाही तोवर हा व्यवहार बरोबरीचा नाही.

हिशेबी_कोथरूड

जळगाव, हे सोळा आणे खरं. फॉर्म स्वतः भरावा, आणि पॉलिसी आली की ३० दिवसांत नापसंत करून परत करता येते, त्या मुदतीत मुलाकडून तरी वाचून घ्यावी.

सांगलीकर

हिशेबी, तुमचं साठ महिन्यांचं म्हणणं मनात बसलं. पण एकाचं उत्तर द्या. साठीनंतर हप्त्यात वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढ विमा नियामकाशी आधी सल्लामसलत केल्याशिवाय करता येत नाही, असा नियम जानेवारी २०२५ मध्ये आला. मी ५३ चा. म्हणजे पुढची सात वर्षं कंपनीला आडकाठी नाही, आणि त्यानंतरही १० टक्क्यांनी सात-आठ वर्षांत हप्ता दुप्पट होतो. मला पेन्शन नाही. सत्तरीत हा हप्ता भरणार कशातून?

हिशेबी_कोथरूड

याचं उत्तर माझ्याकडे नाही. मी स्वतः मूळ पॉलिसी ५ लाखांवरच थांबवली आणि वर सुपर टॉप-अप घेतला. ५ लाखांच्या वरचाच खर्च तो देतो, म्हणून स्वस्त पडतो. पुढे हप्ता झेपेनासा झाला तर मूळ पॉलिसी सोडून, एफडी आणि टॉप-अप यांवर राहायचं असं बायकोशी बोलून ठेवलंय. एफडी तोवर ५ लाखांची झाली पाहिजे.

सांगलीकर

हे करता येण्यासारखं आहे. नूतनीकरण २६ फेब्रुवारीला आहे. पोर्टचा अर्ज ४५ दिवस आधी, म्हणजे १२ जानेवारीच्या आत टाकतो. ताई, आरोग्यमित्राकडेही या आठवड्यात जाऊन येतो. कुठल्या विभागांची चौकशी करू, तेवढं लिहा.

परिचारिका_सोलापूर

हृदय, मेंदू, किडनी आणि अपघात. आणि आयसीयूत योजनेच्या रुग्णांसाठी खाटा किती, हेही विचारा.